एका बोटाने कॉर्ड: कॅसिओ आणि यामाहातला फरक

एकाने विचारलंय की ऑटो अकंपनिमेंट (डाव्या हाताच्या पट्ट्यांवरून कीबोर्डच साथ वाजवतो ती सोय) चालू करून एका बोटाने मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा प्रसन्न वाटणारा गट) येते, पण मायनर, म्हणजे उदास छटेची, काही केल्या वाजत नाही. आधी कीबोर्ड कुठला ते बघा. कॅसिओच्या सोप्या पद्धतीत मूळ पट्टी आणि तिच्या उजवीकडची कुठलीही एक पट्टी दाबली की मायनर. यामाहात उलट, मूळ पट्टीच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी सोबत दाबायची. मी कॅसिओवर शिकलो आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत ऐनवेळी दुसऱ्याचा यामाहा हाती आला. पूर्ण आरतीभर मेजरच वाजवत बसलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्या-झांजांची कृपा!

सुरुवातीला पांढरी एक, चार आणि पाच (म्हणजे सी, एफ आणि जी), एवढ्या तीन कॉर्डवर बरीच गाणी निघतात. पण पांढरी एकचा सा धरून गाणं भूप रागातलं असेल तर जपून. चारच्या कॉर्डमध्ये मध्यम येतो, पाचच्या कॉर्डमध्ये निषाद, आणि भूपात दोन्ही वर्ज्य. तिथे सी मेजर आणि ए मायनर यांतच फिरा, सगळे स्वर भूपातलेच पडतात.

गाणारा काळी एकमध्ये (सी शार्प) गात असेल तर बोटं वाकडी करू नका, ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) अधिक एक करा. आणि सिंक स्टार्ट लावून ठेवा. डाव्या हाताने पहिली कॉर्ड दाबेपर्यंत ठेका सुरूच होत नाही, त्यामुळे मागे धावावं लागत नाही.