बहीण कॅनडात, भाऊ परत हायफाँगला: हाँगकाँगचा नियम नक्की काय होता?

मिसिसागाची मावशी:
मी पहाटेच्या पाळीला जाते त्या बेकरीत व्हिएतनाममधल्या हायफाँगची एक ताई आहे. 1988 च्या मे महिन्यात होडीने हाँगकाँगला उतरली. धाकटा भाऊ त्याच वर्षी जुलैत. तिला कॅनडाने घेतलं. त्याला काही वर्षं छावणीत ठेवून परत पाठवलं. काल पिठाचे गोळे करता करता ती एवढंच म्हणाली, "दोन महिने उशीर झाला त्याला." पुढे विचारायला माझी जीभ रेटली नाही. एकाच आईची दोन लेकरं, मग न्याय वेगळा का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

काउलूनकर:
मावशी, उशीर झाला तो 16 जून 1988 या तारखेला. त्याआधी आलेला प्रत्येक व्हिएतनामी माणूस आपोआप निर्वासित धरला जाई. त्या दिवसापासून जो येईल त्याची चौकशी सुरू झाली: छळाच्या भीतीने आलास की गरिबीमुळे? 'गरिबी' ठरली की निर्वासिताचा दर्जा नाही, म्हणजे परत जायचं.

मी तेव्हा हाँगकाँगलाच शाळेत होतो. रेडिओवर व्हिएतनामीत घोषणा लागायची, 'बात दाऊ तू नाय', म्हणजे 'आतापासून'. एक अक्षर कळत नसूनही आम्हा मुलांना ती पाठ होती. ती कुणासाठी आहे हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि आजही आठवलं की पोटात कालवतं.

व्हाइटहेडसारख्या छावण्यांत काटेरी कुंपणाआड तीन मजली फळ्या असत. फळीचा एक मजला म्हणजे एका कुटुंबाचं घर, आडोशाला पडदा. 12 डिसेंबर 1989 ला उजाडायच्या आत 51 जणांना विमानात बसवून हानोईला धाडलं. सक्तीची ती पहिली खेप.

जुना वाचक:
आधी एवढं औदार्य का होतं, तेही सांगतो. जुलै 1979 मध्ये जिनिव्हात देशांनी सुमारे 2,60,000 निर्वासितांना आपापल्याकडे घ्यायचं कबूल केलं. त्या भरवशावर किनाऱ्यावरच्या देशांनी होड्या उतरू दिल्या. कॅनडाने 1979-80 मध्ये 60,000 माणसं घेतली. निम्म्याहून जास्त लोकांचा वर्षभराचा भार चर्चनी आणि पाच-पाच शेजाऱ्यांच्या गटांनी उचलला. पुढे होड्या वाढल्या आणि घेणारे देश हात आखडते घेऊ लागले. जून 1989 मध्ये पुन्हा जिनिव्हातच ही चौकशीची चाळणी सगळ्या आग्नेय आशियाला लागू झाली. मला हे दिलेला शब्द मोडणंच वाटतं. भरवसा देशांनी मोडला, भोगलं त्या मुलाने.

मिसिसागाची मावशी:
दोघांचे आभार. आज तिला 16 जूनबद्दल विचारलं. तारीख तिला तोंडपाठ होती. भावाची होडी एप्रिललाच निघायची होती, म्हणे, पण इंजिन मिळालं नाही.