कलम ३९७ ची शिक्षा, पण चाकू भावाच्या हातात नव्हता. अपिलाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात सत्र न्यायालयाने जबरी चोरीच्या खटल्यात सात वर्षं सक्तमजुरी सुनावली. कलम ३९२ (जबरी चोरी), ३९७ (जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरणं) आणि जोडीला ३४ (सर्वांचा समान इरादा). घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुनी दंड संहिताच लागली. इतके दिवस तो जामिनावर होता, निकालाच्या दिवशी कोर्टातूनच आत नेलं. आईला अजून सावरता आलेलं नाही.

आरोपी तिघे. रात्री एकाला अडवून चाकूच्या धाकाने मोबाइल आणि पाकीट काढून घेतलं, असा आरोप. फिर्यादीनेच साक्षीत सांगितलं की चाकू दुसऱ्या आरोपीच्या हातात होता. तरी शिक्षा तिघांना सारखीच. ३९७ मधली किमान सात वर्षं ज्याने प्रत्यक्ष हत्यार वापरलं त्यालाच लागू होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या फूलकुमार खटल्यातच म्हटलंय. नुसत्या ३९२ ला किमान शिक्षा नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. भाऊ म्हणतो, "ताई, मी तिथे नव्हतोच. मग चाकू कोणाकडे होता यावर मी कशाला बोलू?" त्याच्या मते तो मुद्दा घेतला की आपण तिथे होतो हे कबूल केल्यासारखं होतं. आणि ओळख परेडचा (फिर्यादीने इतर लोकांमधून आरोपी ओळखून दाखवण्याचा) मुद्दा खरंच भक्कम आहे. परेडच्या आधी पोलीस ठाण्यात आरोपी दाखवले होते, हे फिर्यादीने उलटतपासणीत मान्य केलंय. निकालपत्र मी तीनदा वाचलं, त्यावर एक ओळ नाही. भावाकडून काही जप्तही झालेलं नाही.

तर ओळख पटलेलीच नाही, आणि पटली असं धरलं तरी ३९७ लागत नाही, असे दोन्ही मुद्दे एकाच अपिलात घेता येतात ना? त्याने पहिला मुद्दा कमकुवत होतो का? अशी अपिलं चालवलेल्या कोणी सांगितलं तर मी भावाला समजावू शकेन. वकीलपत्रावर सही त्यालाच करायची आहे.

उच्च न्यायालयात जायला साठ दिवस आहेत, त्यातले चोवीस गेले. शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्यावा असं मला वाटतं, आमचे वकील मात्र थोडं थांबू म्हणतात. थांबण्यात काही फायदा असतो का?

पैसे जवळपास संपलेत. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे माहीत आहे. विधी सेवा समितीकडून मिळालेले वकील घरच्यांना भेटतात का, कागद समजावून घेतात का? कोणाचा अनुभव असेल तर कृपया लिहा.