निळ्या ठिपक्यांची ही समुद्री गोगलगाय कोणती असावी?

प्रश्न
रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या मुखाशी, मोठ्या ओहोटीच्या वेळी, चिखलमिश्रित वाळूतल्या उथळ डबक्यात बोटभर लांबीचा, हिरवट-तपकिरी रंगाचा मऊ प्राणी आढळला. त्याच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे कोंब होते आणि त्यांच्यामधून चमकदार निळे ठिपके दिसत होते. काडीचा हलका स्पर्श होताच त्याने जांभळा द्रव सोडला. त्या द्रवावरून हा ‘समुद्रससे’ म्हटल्या जाणाऱ्या समुद्री गोगलगायींपैकी अ‍ॅप्लिसिया असावा, असा माझा अंदाज आहे. तो योग्य आहे का?

प्रतिसाद १
हा बर्साटेला लीची असण्याची शक्यता फार मोठी आहे. जांभळा द्रव अ‍ॅप्लिसिया, डोलाबेला आणि बर्साटेला हे तिन्ही समुद्रससे सोडतात, त्यामुळे ती खूण इथे उपयोगाची नाही. फांद्या फुटलेले लांब कोंब आणि गडद कड्यातले निळे ठिपके एकाच अंगावर असणे, हे मात्र बर्साटेलाचे लक्षण आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लेनविल यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेली ही प्रजाती जगभरच्या उष्ण समुद्रांत आढळते आणि चिखल-वाळूवरचा सूक्ष्म शेवाळी थर खाते, म्हणजे तुम्ही सांगितलेली जागाही तिला साजेशीच आहे.

प्रतिसाद २
सहमत आहे, परंतु केवळ ठिपक्यांवर विसंबू नये. काही प्राण्यांत ते अगदी पुसट असतात. पाठ नीट पाहावी. अ‍ॅप्लिसियाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी मोठे, मोकळे, हलणारे पडदे असतात, तर बर्साटेलाचे पडदे मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेले असतात. डोलाबेलाचे शरीर मागे रुंद होत जाऊन तिरप्या चकतीसारखे संपते. छायाचित्र प्राणी पाण्यात असतानाच घ्यावे, कारण बाहेर काढल्यावर कोंब अंगाला चिकटतात आणि उरतो तो नुसता गोळा. अशा चित्रांवरून होणारे वाद निष्फळ ठरतात.

प्रश्नकर्ता
पाण्यातलेच एक छायाचित्र पुन्हा तपासले. पाठीवर मोकळे पडदे नाहीत, मागचा भाग चकतीसारखा नाही, आणि कोंब स्पष्टपणे फांद्यांचे आहेत. शेजारी शेवयांच्या गुंत्यासारखे हिरवट दोरेही होते. ती याच प्राण्याची अंडी असू शकतात का?

प्रतिसाद १
असू शकतात. समुद्रसशांची अंडी अशाच गुंतलेल्या दोऱ्यांत असतात, तर डोरिड गटातल्या गोगलगायी बहुधा सपाट फितीच्या गुंडाळ्या घालतात. मात्र अंडी घालताना प्राणी प्रत्यक्ष दिसला नसेल, तर नोंदीत ‘शेजारी आढळलेली अंडी’ एवढेच लिहावे.