मदत हवी आहे : कॉलेजने आर्थिक साहाय्याची उरलेली रक्कम कार्डावर दिली, यात नियम काय सांगतो?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत सरकारी आर्थिक साहाय्यावर मुलांना शिकवणाऱ्या पालकांकडून, आणि कुणी कॉलेजच्या बर्सर ऑफिसात (फी व विद्यार्थ्यांच्या खात्यांचा हिशेब पाहणाऱ्या कार्यालयात) काम केले असल्यास त्यांच्याकडून, मला एका बाबीत सल्ला हवा आहे. रक्कम लहान आहे, परंतु जे घडले ते नियमात बसते की नाही हे मला समजून घ्यायचे आहे.

ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षे काढल्यावर आम्हांला ते मिळाले आणि त्यामुळे धाकट्या मुलीसाठी आम्ही प्रथमच फाफसा, म्हणजे सरकारी आर्थिक साहाय्याचा अर्ज, भरू शकलो. तिला पेल ग्रँटचा (परत न करायच्या सरकारी अनुदानाचा) काही भाग आणि पहिल्या वर्षाचे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्ज मंजूर झाले. ती एका सरकारी कॉलेजात शिकते. नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची की नाही हे अजून ठरलेले नाही. फी वळती करून घेतल्यावर तिच्या खात्यात १,८४० डॉलर उरले. कॉलेजात याला सगळे ‘रिफंड’ म्हणतात, आणि मला तो शब्दच खटकतो, कारण त्यातला मोठा भाग तिने पुढे व्याजासह फेडायचा आहे.

ऑगस्टमध्ये तिला एका हिरव्या पाकिटातून एक सांकेतिक क्रमांक आला. पाकिटावर कॉलेजचे बोधचिन्ह होते, पाठवणारी मात्र कॉलेजने नेमलेली खासगी कंपनी होती. तो क्रमांक टाकल्यावर पैसे कसे हवेत हे विचारणारी स्क्रीन उघडली. मी नंतर तिच्याकडून ती पुन्हा उघडून घेतली आणि शांतपणे वाचली. पहिला पर्याय ‘तुमचे सध्याचे बँक खाते’ हाच होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु त्याखाली बारीक अक्षरात ‘दोन ते तीन कामकाजाचे दिवस’ असे लिहिले होते आणि दुसऱ्या पर्यायाखाली, म्हणजे त्या कंपनीच्या कार्डखात्याखाली, ‘त्याच दिवशी’ असे होते. खोलीच्या भाड्यातला आपला वाटा ज्या मुलीला परवा द्यायचा आहे ती काय निवडणार? तिने कार्ड निवडले.

पैसे खरोखरच त्याच दिवशी आले. तिला चारशे डॉलर रोख हवे होते. विद्यार्थी केंद्रात कार्डाच्या जाळ्यातले, म्हणजे शुल्क न घेणारे, एकच एटीएम आहे आणि त्या दिवशी त्यासमोर पंचवीसेक मुलांची रांग होती; तिची पाळी येईपर्यंत यंत्रातले पैसे संपले. शेवटी तिने रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपावरून एका वेळी दोनशे असे दोनदा पैसे काढले. दर वेळी कार्ड कंपनीने तीन डॉलर आणि यंत्राच्या मालकाने साडेतीन डॉलर घेतले, म्हणजे एकूण तेरा डॉलर गेले.

सातारला माझ्या भावाच्या मुलीची शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलमार्फत आधारशी जोडलेल्या तिच्या स्वतःच्या बँक खात्यात येते. तिथे आधार जोडणीचे वैताग निराळे आहेत, परंतु मध्ये कुणाचे कार्ड येत नाही. म्हणून विचारते, की सरकारी साहाय्याचा पैसा असा खासगी कार्डावर देण्याची कॉलेजला मुभा आहे का, हे तेरा डॉलर परत मागता येतात का, आणि आता निवड बदलून पुढच्या सत्राचे पैसे तिच्या नेहमीच्या खात्यात घेता येतील का?

प्रतिसाद

ताई, मी एका सरकारी विद्यापीठाच्या बर्सर ऑफिसात नऊ वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुभा आहे, परंतु अटींसह. या अटी फेडरल शिक्षण खात्याच्या ‘कॅश मॅनेजमेंट’ नियमांत आहेत. ते ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झाले आणि १ जुलै २०१६ पासून त्यांतल्या बहुतेक तरतुदी लागू झाल्या. कॉलेजने पैसे वाटण्याचे काम ज्या कंपनीला दिले तीच कंपनी विद्यार्थ्याला खाते देऊ करत असेल, तर तो ‘टियर वन’ करार ठरतो आणि त्याला सर्वांत कडक अटी लागतात. कंपनी पैसे वाटत नाही, पण कॉलेजशी करार करून आपले खाते विद्यार्थ्यांमध्ये खपवते, तो ‘टियर टू’. आपण वर्णन केलेला प्रकार टियर वनचा आहे. कार्ड प्रीपेड आहे की त्यामागे साधे चेकिंग खाते आहे, याने या बाबतीत फरक पडत नाही.

हे नियम का आले ते ठाऊक असले की त्यांचे शब्द नीट कळतात. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या फेब्रुवारी २०१४ च्या अहवालानुसार जुलै २०१३ मध्ये किमान ८५२ संस्थांनी असे कार्डकरार केले होते. संस्थांमध्ये हे प्रमाण ११ टक्के, परंतु देशातले सुमारे ४० टक्के विद्यार्थी त्याच संस्थांत शिकत होते. त्या बाजारात हायर वन ही कंपनी सर्वांत मोठी होती. तिच्या कार्डाने दुकानात पिन टाकून खरेदी केली की दर वेळी ५० सेंट जात. खात्यात पुरेसे पैसे नसल्यावर लावलेल्या शुल्कांवरून २०१२ मध्ये एफडीआयसीशी (बँकठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेशी) झालेल्या तडजोडीत तिला सुमारे ६०,००० विद्यार्थ्यांना अंदाजे १ कोटी १० लाख डॉलर परत करावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये फेडरल रिझर्व्ह आणि एफडीआयसी यांच्या आदेशांनी परताव्याची एकूण रक्कम सुमारे ५ कोटी ५० लाख डॉलरवर गेली. त्या वेळी मुख्य आक्षेपांपैकी एक असा होता, की हे खाते न उघडताही साहाय्याचे पैसे मिळू शकतात ही गोष्ट विद्यार्थ्यांना नीट सांगितलीच गेली नव्हती.

म्हणूनच आज स्क्रीनवर आपले स्वतःचे खाते पहिले आणि ठळक दाखवावे लागते, कोणताही पर्याय आधीच टिचकी मारून ठेवता येत नाही, आणि वर्णन तथ्याला धरून व तटस्थ असावे लागते. विद्यार्थ्याने काहीच निवडले नाही, तरीही कॉलेजला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेच लागतात. ही मुदत साधारणपणे रक्कम शिल्लक पडल्यापासून १४ दिवसांची असते. सत्र सुरू होण्यापूर्वीच शिल्लक पडली असेल, तर वर्ग सुरू झाल्यापासून १४ दिवसांची.

आता ‘त्याच दिवशी’ आणि ‘दोन ते तीन दिवस’ यांकडे वळतो, कारण खरी मेख तिथेच आहे. विद्यार्थ्याच्या जुन्या खात्याकडे पैसे रवाना करणे हे कार्डखात्याकडे रवाना करण्याइतकेच वेळेवर व्हावे आणि विद्यार्थ्याला अधिक त्रासाचे नसावे, असे नियम म्हणतो. तो ‘रवाना करणे’ म्हणतो, ‘पोहोचणे’ म्हणत नाही. कंपनीच्या स्वतःच्या बँकेत पैसे एका वहीतून दुसऱ्या वहीत जातात, तर बाहेरच्या बँकेत एसीएचने (बँकांमधल्या इलेक्ट्रॉनिक हस्तांतराने) जायला एखाद-दुसरा दिवस लागतो. तेव्हा दोन्ही रकमा एकाच सकाळी निघाल्या असतील तर कंपनी नियमात बसते. बाहेरच्या खात्यांची यादी मुद्दाम दुसऱ्या दिवशी पाठवली जात असेल तर बसत नाही. आपण कॉलेजला लेखी एवढेच विचारा, की दोन्ही प्रकारच्या रकमा कोणत्या तारखेला रवाना झाल्या. या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणे अवघड असते. माझ्या मते स्क्रीनवरची ती बारीक अक्षरातली ओळ खोटी नसली तरी तटस्थही नाही, आणि नियम करणाऱ्यांनी ही फट उघडी ठेवली.

तेरा डॉलरचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. टियर वनमध्ये खाते उघडण्याचे, दुकानात कार्ड वापरण्याचे, शिलकीपेक्षा जास्त खर्च झाल्याचे आणि जाळ्यातल्या एटीएमचे शुल्क घेता येत नाही. जाळ्याबाहेरच्या एटीएमला मात्र सरसकट बंदी नाही. तरीही आपली बाजू कमकुवत नाही. जाळ्यातली यंत्रे पुरेशा संख्येने हवीत आणि त्यांची देखभाल अशी हवी, की पैसे वाटले जातात त्या वेळीसुद्धा ते विद्यार्थ्यांना वाजवी रीतीने काढता यावेत, अशी स्पष्ट अट आहे. वाटपाच्याच दिवशी एकमेव यंत्र रिकामे होणे हे या अटीच्या थेट विरुद्ध जाते. म्हणून तक्रारीत ‘शुल्क जास्त आहे’ असे न लिहिता ‘यंत्र रिकामे होते म्हणून शुल्क भरावे लागले’ असे लिहा, आणि तारीख व अंदाजे वेळ द्या.

निवड केव्हाही बदलता येते. कार्ड घेतले म्हणजे चार वर्षे बांधले गेलो, असे नाही.

आणखी एक करा. कंपनीशी झालेला करार कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल असा ठेवायचा असतो, आणि विद्यार्थ्यांनी वर्षभरात सरासरी किती शुल्क भरले याचे आकडेही. तो करार विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे की नाही, शुल्क बाजारभावापेक्षा जास्त तर नाही, हे कॉलेजने निदान दर दोन वर्षांनी तपासायचे असते. आधी बर्सर ऑफिसला पत्र लिहा. समाधान झाले नाही तर शिक्षण खात्याच्याच फेडरल स्टुडंट एड या विभागाच्या तक्रारकक्षाकडे आणि ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्याने जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली होती, तेव्हा तिथून झटपट उत्तराची अपेक्षा ठेवू नका. कॉलेजला लिहिलेले पत्रच लवकर कामी येईल.

प्रतिसाद

माझा मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतो आणि त्यालाही जादा भरलेली फी अशाच कार्डावर घेण्याचा आग्रह झाला. त्यालाही हेच संरक्षण आहे का?

प्रतिसाद

हे नियम ‘टायटल फोर’ म्हणजे फेडरल साहाय्याच्या पैशाला लागू आहेत आणि एफ-१ वरील विद्यार्थ्याला ते साहाय्य मिळत नाही, त्यामुळे त्याच्या परताव्याला १४ दिवसांची मुदत वगैरे लागू नाही. कंपनी सहसा सगळ्यांना एकच स्क्रीन दाखवते, म्हणून स्वतःच्या खात्याचा पर्याय त्यालाही दिसेल. तोच निवडायला सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मुलीने निवड बदलली. चार मिनिटांत काम झाले आणि दुसऱ्या दिवशी पुष्टीची ईमेल आली.

करारही सापडला, परंतु ‘विद्यार्थी लेखा’ पानाच्या तळाशी, एकोणचाळीस पानांच्या पीडीएफच्या रूपात. त्याच्याखाली एक छोटा तक्ता आहे. वर्षभराच्या शुल्काची सरासरी अकरा डॉलर आणि मध्यक शून्य, असे त्यात दिले आहे. शून्य पाहून मला प्रथम बरे वाटले. मग मुलीनेच समजावले, की मध्यक शून्य म्हणजे निदान निम्म्या मुलांनी काहीच भरले नाही, आणि तरीही सरासरी अकरावर जाते म्हणजे उरलेल्यांतल्या काहींनी बरेच भरले असणार. ते कोण, हे तक्त्यात नाही. परंतु ज्यांच्याकडे दुसरे बँक खाते नाही आणि ज्यांना रोकड लागते तीच मुले असावीत, असा माझा अंदाज आहे.

बर्सर ऑफिसला पत्र पाठवले आहे. रवाना होण्याच्या तारखा विचारल्या आहेत आणि रिकाम्या एटीएमची तारीख व वेळ दिली आहे. तेरा डॉलरचा उल्लेख शेवटच्या ओळीत ठेवला.

एकच शंका उरली आहे. शिल्लक दुसरीकडे वळवल्यावर कार्डावर ४२ सेंट पडून आहेत. शुल्कांच्या यादीत काही महिने व्यवहार न झाल्यास ‘निष्क्रिय खाते’ म्हणून मासिक आकार दिसतो. खाते रीतसर बंद करायला मुलीने लेखी कळवावे लागेल की फोन पुरेसा होईल, आणि ते ४२ सेंट आधी खर्च करून टाकावेत का, हे कुणी अनुभवाने सांगू शकेल का?