जामीन निधी: पैसे नक्की कोणत्या खात्यात टाकायचे? शुक्रवारच्या आत सांगा

प्रेषक: मंजू

मंडळी,

यवतमाळहून पुन्हा फोन आला. जामीन मंजूर होऊनही आत अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी धावपळ करणारी तिथली ती छोटी संस्था आपले पैसे घेऊ शकत नाही. परदेशातून देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी त्यांच्याकडे नाही, आणि मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कम त्यांच्या साध्या बचत खात्यात पडली तर गुन्हा त्यांच्यावर होईल. आपण इथे इंग्लंडात सुरक्षित, आणि तिथे तुरुंगाच्या दारात उभी राहणारी ती तीन-चार माणसं अडकायची.

शुक्रवारी कार्यकारिणी आहे. "पुढच्या वर्षी बघू" असा शेरा मला नको आहे, म्हणून आजच विचारते: रस्ता काय?

गणेशोत्सवात जमलेला निधी जामिनाच्या कामाला द्यायचा ठराव झाला त्या दिवशी जे आले नव्हते त्यांच्यासाठी एवढंच. दारव्ह्याकडच्या त्या पोराचा जामीन कधीच मंजूर झालाय. आदेशात १५ हजारांचा एक सक्षम जामीनदार मागितलाय. मामाने सातबारा काढला, तर इतर हक्कात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. परत. चुलत्याचा काढला, तर खातं सामाईक, बाकी भावांची संमती आणा. परत. मग ऐपत दाखल्यासाठी तहसीलला खेटे, तेही ऐन सोयाबीन काढणीत, मजुरी बुडवून. आपल्याकडे बिनबोजाचा सातबारा किती घरांत सापडेल ते तुम्हीच सांगा. पोरगा अजून आतच आहे.

मंजू

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

मंजूताई, सगळ्यांना,

मी हे बैठकीतही सांगितलं होतं, आता लिहूनच ठेवतो. आपलं मंडळ इंग्लंडात नोंदलेलं आहे, म्हणजे भारताच्या दृष्टीने आपण परदेशी स्रोत. विदेशी अंशदान कायदा (एफसीआरए) २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. नोंदणी असलेल्या संस्थेनेही परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा. तो दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत, जो पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा. त्यामुळे "मोठ्या संस्थेला देऊ, ती छोटीला देईल" हा मार्ग बंद आहे.

शिवाय ज्यांनी गिफ्ट एडचा (देणगीवरच्या इथल्या करसवलतीचा) फॉर्म भरून दिलंय त्यांच्या प्रत्येक पौंडावर ब्रिटिश सरकारकडून २५ पेन्स आपल्याला मिळालेत. ते पैसे भारतात कशावर खर्च झाले याचा पुरावा माझ्या फाइलमध्ये असलाच पाहिजे. पूरनिधीच्या वेळी पावत्यांसाठी मी किती महिने मागे लागलो होतो हे सगळ्यांना माहीत आहे. यावेळी सही करण्याआधी कागद हवेत.

अविनाश

---

प्रेषक: प्रशांत

अविनाशभाऊ, एवढं कठीण कशाला करता? माझा भाऊ नांदगाव खंडेश्वरला आहे. नातेवाइकाला वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलं तर सरकारला कळवावंही लागत नाही, तो नियम २०२२ मध्येच बदललाय. मंडळाने माझ्या खात्यात टाका, मी भावाला पाठवतो, तो यवतमाळला जाऊन संस्थेला देईल. रीतसर पावती आणेल. दोन दिवसांचं काम.

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

नाही. ती सूट नातेवाइकाने स्वतःसाठी घेतलेल्या पैशाला आहे. मंडळाची वर्गणी भावाच्या नावाने पाठवून संस्थेला पोचवणं म्हणजे कायद्याला वळसा. उद्या चौकशी झाली तर नोटीस भावाला आणि संस्थेला येईल. मी यावर सही करणार नाही आणि दुसऱ्या कोणी करावी असंही मला वाटत नाही.

---

प्रेषक: सुनील (वरूड)

खात्याचं राहू द्या, मला मुळातलंच विचारायचंय. गेल्या वर्षी आमच्या शेतातल्या विहिरीवरची मोटर गेली, केबल कापून नेली, स्टार्टरची पेटीही उचलली. ऐन संत्र्याच्या पाण्याच्या वेळी. बाबांनी ७४ व्या वर्षी उधारीवर दुसरी मोटर बसवली. ठाण्यात तक्रार दिली, पुढे काही नाही. आता मी इथून जामिनासाठी पैसे देऊ? ज्याचं चोरीला गेलं त्याच्यासाठी मंडळाचा कोणता निधी आहे? मला राग आलाय आणि तो लपवायचा नाही.

---

प्रेषक: प्रशांत

सुनील, तुझ्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही मोटर गेली आहे, शेजारच्या दोन शेतांतलीही. पण त्यानंतर काय होतं ते मी लहानपणापासून पाहतोय. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जाते. सापडेल त्याला उचलतात. खरा चोर भंगारवाल्याकडे तांबं विकून मोकळा.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. गावाच्या डोक्यातून मात्र गेलेला नाही. आमच्याच तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' शाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेतली मास्तरकी सोडून या कामात पडले. पुढे समृद्धी महामार्गात त्या शाळेची विहीर आणि वर्गखोल्या गेल्या, तरी शाळा चालू ठेवली. गुन्हेगारी थांबवायची तर मला ते काम सगळ्यात मोठं वाटतं. जे पोरगं वर्गात बसलंय त्याला बेड्यावरून उचलता येत नाही.

आणि जामीन म्हणजे सुटका नव्हे, भाऊ. खटला चालतोच. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ अखेर जे लोक होते त्यांतले ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे.

---

प्रेषक: बाबाराव काका (आर्वी)

पोरंहो, मी सगळं वाचलं. तुम्ही तुरुंगाच्या दाराशी उभे राहून भांडता, माणूस तिथवर गेला काहून ते कोणी विचारत नाही. मी सांगतो. दारू.

आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी हाये. गडचिरोलीत १९९३ ला झाली, लोकांनी झगडून आणली. चंद्रपुरात २०१५ ला बायांनी मोर्चे काढून आणली अन् २०२१ ला सरकारनं उठवली. बंदी असूनही वर्ध्यात दारू मिळते हे मलेही माहीत हाये. पण गावातल्या बाया एकत्र आल्या की भट्टी फुटते, हे मी डोळ्यानं पाह्यलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च'नं २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलं, गावागावांत लोकांची संघटना बांधून. असं काम पाहा. मारामारी, बायकोले मारणं, रात्रीची भांडणं, निम्म्या केसेस तिथंच सरतील असं मले वाटते.

मंडळाचा पैसा त्या कामाले द्या. माझे १०० पौंड तयार हायेत.

---

प्रेषक: नीता (सांस्कृतिक)

काका, नमस्कार. तुमचे १०० पौंड जरूर घेऊ. पण एक स्पष्ट करते: ठरावात लिहिलंय ते "गणेशोत्सवात जमलेला निधी". दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे पैसे त्यात धरलेले नाहीत. कालच्या तक्त्यात दोन्ही एकत्र दिसले. अंकाची छपाई त्याच पैशांतून व्हायची आहे, कृपया त्याला कोणी हात लावू नये.

---

प्रेषक: शुभांगी

मंजू, अविनाश,

मी काही वर्षं इथे मॅजिस्ट्रेट म्हणून बसते आहे, बिनपगारी, इथल्या इतर सगळ्या मॅजिस्ट्रेटांसारखीच. शनिवारी कोर्टात आणलेल्या माणसाला आम्ही जामीन देतो तेव्हा त्याच्याकडून रकमेचा मुचलका घेत नाही. १९७६ च्या बेल ॲक्टने ते बंदच केलं. पत्ता कायम ठेव, ठाण्यात हजेरी लाव, अमुक गल्लीत जाऊ नकोस, अशा अटी घालतो. जमीन किती आहे हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. हे आपोआप झालं नाही. हॉवर्ड लीगसारख्या संस्था १८६६ पासून इथल्या शिक्षांच्या आणि तुरुंगांच्या प्रश्नांवर सरकारच्या मागे लागल्या आहेत.

पण भारतातला कायदाही तितका निर्दय नाही, म्हणून लिहायला घेतलं. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला १० हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चुकीचं ठरवलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायालयाने पायऱ्याच आखून दिल्या: जामीन मिळून ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, हेही त्यात आहे.

आणि पैसा? त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीला ठरलेली मर्यादा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत. मग दारव्ह्याचा मुलगा आत का?

---

प्रेषक: मंजू

शुभांगीताई, तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते. हेच मला शुक्रवारी बोलायचं आहे.

तो आत आहे कारण त्याच्यासाठी कागद घेऊन फिरणारं कोणी नाही. अधीक्षकांचं पत्र प्राधिकरणात जातं, तिथून कोणीतरी घरी जाऊन विचारायचं, समितीची बैठक लागायची, कोर्टात अर्ज द्यायचा की जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडा किंवा तूर्त रोख जामीन घ्या. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस लागतो. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे, उत्पन्नाची अट नाही. पण त्या वकिलाला घरचा फोन नंबर कोण देणार? आई हातगावला मजुरीला गेलीय हे कोण सांगणार? यवतमाळची ती संस्था नेमकं हेच करते. त्यांची कार्यकर्ती तुरुंगात जाऊन नावांची यादी करते, गावात घर शोधते, आईला एसटीत बसवून कोर्टात आणते. आणि सुटल्यावर तारखेच्या आदल्या दिवशी फोन करते. हा फोन फार मोलाचा. तारीख चुकली की वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते, आणि मग त्या गावात पुढच्या पोरासाठी कोणी म्हणून सातबारा द्यायला तयार होत नाही.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे काम करतोय, अमरावतीत 'वऱ्हाड' संस्था कैद्यांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करते. म्हणजे पद्धत ठाऊक आहे. तालुक्याला पुरतील एवढी माणसं नाहीत.

म्हणून माझं म्हणणं: आपल्या निधीचं नाव "जामीन निधी" असलं तरी जामिनाची रक्कम भरण्यात तो घालवू नका. ती सरकारने द्यायची आहे आणि तशी तरतूद आहे. आपण फिरणाऱ्या माणसाचं मानधन, एसटीचं भाडं आणि फोन एवढं उचलू.

सुनील, तुझ्या बाबांच्या बाजूनेही कोणीतरी ठाण्यात पाठपुरावा करायला हवा होता, हे मला मनापासून पटतं. तक्रारदारालाही हा विधी सेवेचा रस्ता विचारता येतो, उत्पन्नाच्या अटीत बसलं तर. मी यवतमाळच्या संस्थेच्या कार्यकर्तीला विचारून तुला कळवते.

काका, दारूबंदीवर स्वतंत्र बैठक घेऊ. तुम्हीच बोला त्यात, माझा पाठिंबा आहे. पण आज आत असलेल्या पोराला ते ऐकवता येत नाही.

---

प्रेषक: सुनील (वरूड)

मंजूताई, कळव. बाबांना सांगतो. राग गेला नाही, पण मानधनाला माझा विरोध नाही. जामीन भरायला होता.

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

मानधनाचा हिशेब ठेवणं मला सोपं जाईल, दरमहा एक पावती. तेव्हा खात्याचं असं करता येईल:

मंडळाचा पैसा (गणेशोत्सवाचाच, नीताताई, अंकाचा नाही) फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या आणि हे काम स्वतःच्या कार्यकर्त्यांकडून करणाऱ्या संस्थेला जाईल. अशा संस्थांना मी उद्या पत्रं पाठवतो. यवतमाळच्या छोट्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी, पण त्याला वेळ लागेल. त्यांना अर्ज करायचा असेल तर मंडळाचं हमीपत्र मी द्यायला तयार आहे.

दुसरं, ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, थेट त्या संस्थेला देऊ शकतात. ते परदेशी अंशदान धरलं जात नाही. संस्थेने पासपोर्टची प्रत ठेवून घ्यावी. त्यावर इथलं गिफ्ट एड मिळणार नाही. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, त्यांनी या मार्गाने देऊ नये. एकमेकांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू नयेत, प्रशांत, हे खास तुझ्यासाठी.

---

प्रेषक: बाबाराव काका (आर्वी)

माझा पासपोर्ट ब्रिटिश झाला १९८४ मध्ये. म्हणजे माझे मंडळाच्या पेटीत धरा. गिफ्ट एडचा फॉर्म कोणाकडं मिळते?

---

प्रेषक: प्रशांत

माझा अजून भारतीयच आहे. मंजूताई, त्या संस्थेचा खाते क्रमांक मला वेगळा पाठवा, लिस्टवर नको. आणि कार्यकर्तीला विचारा की नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली नावं त्यांच्या यादीत आहेत का. माझा भाऊ पैसे नाही तर नाही, पण घरं शोधून देईल. त्याला सगळे बेडे माहीत आहेत.