शनिवारचा सिनेमा, सव्वाबाराचा आवाज

जोशीकाका (ए-२०३): सुप्रभात. काल गच्चीवर नक्की काय चाललं होतं? सव्वाबारापर्यंत माझ्या डोक्यावरून घोडागाडी धावत होती. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे या ग्रुपवर मला दर गणपतीत ऐकवलं जातं.

सेक्रेटरी: काका, चूक झाली. साडेनऊला लावला. सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपास आहे हे कुणी आधी बघितलंच नाही. त्यात मध्यंतरात भेळ आली.

जोशीकाका (ए-२०३): सिनेमा कुठला?

ओंकार (सी-७०४): व्हॅन हेल्सिंग, काका. २००४ चा, ह्यू जॅकमनचा. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस, तिघं एकाच सिनेमात. सुरुवातीला पॅरिसमध्ये मिस्टर हाइडसुद्धा येऊन जातो.

जोशीकाका (ए-२०३): म्हणजे मिसळ.

ओंकार (सी-७०४): तर्रीसकट 😄

स्वप्ना (बी-१०२): तुमची तर्री आम्हाला महागात पडली. ईरा दोन वाजेपर्यंत झोपली नाही. लहान मुलांना आणू नका असं निदान लिहायचं तरी.

ओंकार (सी-७०४): सॉरी ताई, खरंच. ड्रॅक्युलाच्या त्या तीन उडणाऱ्या बायकांना घाबरली का?

स्वप्ना (बी-१०२): त्यांना हसत होती! शेवटी तो शिवलेला मोठा माणूस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, तराफ्यावर बसून एकटाच समुद्रात निघून जातो ना, तिथे रडायला लागली. "आई, तो जेवणार कुठे?" रात्रभर हेच.

कुलकर्णीवहिनी (ए-४०१): अगं बाई 🥺

देशपांडेकाकू (बी-५०१): ईरा बरोबर जागी रडली. मी काल दोनदा उठायला निघाले होते. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ पुस्तकातला व्हॅन हेल्सिंग म्हणजे म्हातारा डच डॉक्टर, नाव एब्राहॅम, इंग्रजी मोडकंतोडकं. इथे तो गॅब्रिएल झाला, लांब कोट घातला, व्हॅटिकनच्या नोकरीला लागला आणि मशीनगनसारखे बाण सोडायला लागला. पण त्या तराफ्यासाठी मी सगळं माफ केलं. मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीचा शेवट तोच आहे. तो जहाजाच्या खिडकीतून बर्फाच्या लादीवर उडी टाकतो आणि लाटा त्याला अंधारात दूर घेऊन जातात. १९३१ च्या फ्रँकेन्स्टाइन सिनेमात हे नाही, तिथे गावकरी पवनचक्कीच पेटवतात.

ओंकार (सी-७०४): काकू, पवनचक्कीसुद्धा होती की! सुरुवातीच्या ब्लॅक अँड व्हाइट तुकड्यात. मशाली, जमाव, सगळं.

देशपांडेकाकू (बी-५०१): म्हणजे सुरुवात जुन्या सिनेमाची आणि शेवट पुस्तकाचा. मधले दोन तास कुणाचे ते विचारू नकोस.

सेक्रेटरी: मध्येच लिहितोय, माफ करा. टँकर ११ वाजता येतोय. बी विंगच्या गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची? हलवा.

जोशीकाका (ए-२०३): मी १९३१ चा ड्रॅक्युला फिल्म सोसायटीत पाहिलाय. ड्रॅक्युला झालाय बेला लुगोसी. चावताना दात दाखवत नाहीत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. माणूस नुसता जिन्यावर उभा राहतो आणि आपल्याला गार वाटतं. त्या काळी एका सिनेमात एक राक्षस पुरायचा.

ओंकार (सी-७०४): पुरायचा, पण थोडेच दिवस. १९४१ ला वुल्फ मॅन आला आणि १९४३ लाच युनिव्हर्सलने त्याची फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी गाठ घालून दिली. गंमत म्हणजे त्यात राक्षस झाला होता तुमचा बेला लुगोसी. १९४४ आणि ४५ मध्ये ड्रॅक्युलासुद्धा त्यांच्यात आला. मिसळ त्या स्टुडिओनेच केली, काका. २००४ ला दिग्दर्शक स्टीफन सॉमर्सने तीच गरम केली.

जोशीकाका (ए-२०३): शिळी मिसळ. आणखी वाईट.

सेक्रेटरी: माझा एक बावळट प्रश्न. व्हॅम्पायर उन्हात जळतात ना? मग त्या तिघी भरदिवसा गावावर कशा तुटून पडल्या?

ओंकार (सी-७०४): ढग होते. ऊन पडल्यावर पळाल्या ना त्या.

देशपांडेकाकू (बी-५०१): प्रश्न बावळट नाही. स्टोकरच्या पुस्तकात ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, इतकंच. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या जर्मन नोस्फेरातूमधून. तो सिनेमा त्यांनी परवानगी न घेताच काढला होता, ड्रॅक्युलाचं नाव बदलून. स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या. ज्याला जाळायला निघाले होते त्याच्याच शोधावर पुढचे सगळे सिनेमे पोसले गेले. आज ऊन नसलेला ड्रॅक्युला कुणाला पटणार नाही.

कुलकर्णीवहिनी (ए-४०१): तुम्ही सगळे पुस्तकात शिरलात. महत्त्वाची बातमी मी देते. त्यातला ड्रॅक्युला म्हणजे रिचर्ड रॉक्सबर्ग आणि त्याच्या तीन बायकांपैकी वेरोना झालेली सिल्व्हिया कोलोका, या दोघांनी खरंच लग्न केलं. सिनेमा आला त्याच वर्षी.

जोशीकाका (ए-२०३): बाकीच्या दोघींची हरकत नव्हती?

कुलकर्णीवहिनी (ए-४०१): काका 😂

स्वप्ना (बी-१०२): ओंकारदादा, तू ग्राफिक्सचं काम करतोस ना? तो ड्रॅक्युला तोंड उघडतो तेव्हा रबरी का वाटतो? माझ्या सासूबाईंनासुद्धा कळलं.

ओंकार (सी-७०४): सासूबाईंना नमस्कार सांगा. १६ कोटी डॉलर खर्चाचा सिनेमा, इफेक्ट्स आयएलएम या नावाजलेल्या इफेक्ट्स कंपनीचे. पण भरदिवसा, स्वच्छ उजेडात, इतक्या जवळून उडणारी अख्खी अंगं दाखवायची म्हणजे तेव्हाच्या कॉम्प्युटरला जड होतं. म्हणून सुरुवात इतकी छान वाटते. काळापांढरा रंग, धूर, अंधार. निम्मं काम सावली करते. आणि राक्षस चांगला वाटतो कारण तो खरा माणूस आहे, शुलर हेन्स्ली. मेकअप, उंची वाढवलेली, डोक्यात हिरवी वीज. पण डोळे त्याचे स्वतःचे. मी हे रोज ऑफिसात सांगतो, कुणी ऐकत नाही.

देशपांडेकाकू (बी-५०१): आणि तो बोलतो! कादंबरीत तो इंग्रज कवी मिल्टन वाचतो, तासन् तास आपली बाजू मांडतो. १९३१ च्या सिनेमाने त्याची वाचाच काढून घेतली, वर चपटं डोकं आणि मानेत खिळे दिले. शेलीने लांब काळे केस आणि पिवळी कातडी लिहिली होती.

ओंकार (सी-७०४): ते चपटं डोकं जॅक पियर्सच्या मेकअपचं. शेलीची गोष्ट आता कुणीही वापरावी, पण तो चेहरा युनिव्हर्सलच्या मालकीचा.

जोशीकाका (ए-२०३): तो बोलतो म्हणता? मला तर फक्त किंचाळ्या ऐकू आल्या.

देशपांडेकाकू (बी-५०१): मजल्यावरच्या आवाजावरून सिनेमाची परीक्षा करू नये, जोशी. "मला जगायचंय" एवढंच तो म्हणत असतो. बाकी सगळ्यांना तो यंत्राची किल्ली म्हणून हवा. ड्रॅक्युलाला स्वतःची पिल्लं जिवंत करायला, चर्चला मारून टाकायला. जेवलास का, हे त्याला विचारणारी पहिली ईराच.

स्वप्ना (बी-१०२): तिला वाचून दाखवलं. लाजली 🙂

सेक्रेटरी: टँकर आला. पांढरी गाडी अजून तिथेच आहे!

ओंकार (सी-७०४): माझीच आहे. उतरतोय, उतरतोय.

सेक्रेटरी: पुढच्या शनिवारचं आत्ताच ठरवा. रात्री आठला सुरू, दहाच्या आत पडदा गुंडाळलेला हवा.

देशपांडेकाकू (बी-५०१): १९३१ चा फ्रँकेन्स्टाइन. सत्तर मिनिटांत संपतो. पण स्वप्ना, त्यात तळ्याकाठी तो आणि एक लहान मुलगी फुलं पाण्यात सोडतात, असा प्रसंग आहे. पुढे वाईट होतं. तेव्हा सेन्सॉरनेसुद्धा कापला होता.

स्वप्ना (बी-१०२): मग नको काकू. प्लीज.

ओंकार (सी-७०४): गाडी हलवली. १९४८ चा लावू या? अ‍ॅबट आणि कॉस्टेलो, दोन विनोदवीर. ड्रॅक्युला, वुल्फ मॅन, राक्षस, सगळे आहेत आणि ड्रॅक्युला पुन्हा स्वतः लुगोसी. ८३ मिनिटं.

जोशीकाका (ए-२०३): लुगोसी असेल तर मी येतो. खुर्ची माझी मी आणेन.

स्वप्ना (बी-१०२): ईरा विचारतेय, तो तराफ्यावरचा माणूस यात आहे का? त्याच्यासाठी डबा आणणार म्हणते.

ओंकार (सी-७०४): आहे आहे. सांगा तिला.

देशपांडेकाकू (बी-५०१): ओंकार, शेवटी त्या जळत्या धक्क्यावर त्याचं काय होतं, आठवतंय ना?

ओंकार (सी-७०४): काकू, शेवटची पाच मिनिटं प्रोजेक्टर बिघडणार आहे.

जोशीकाका (ए-२०३): म्हणजे सव्वानऊलाच आटपेल. उत्तम.