न्या. कॉर्नेलियस: लाहोरचा कॅथलिक सरन्यायाधीश शरियाची बाजू का घेत होता?

नंदाखालची_लॉ

नमस्कार मंडळी. मी वसईची, एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या पॅरिशच्या युवक मंडळात दर महिन्याला कुणीतरी एका माणसावर बोलतं, पुढची पाळी माझी आहे. नेहमीची संतांची नावं सोडून मी ॲल्विन रॉबर्ट कॉर्नेलियस निवडले. जन्म १९०३, आग्रा. कॅथलिक. अलाहाबाद, मग केंब्रिज, आयसीएस, पंजाबात न्यायखातं, १९४६ ला लाहोर हायकोर्ट. फाळणीनंतर तिथेच राहिले आणि १९६० ते १९६८ पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते. स्वतःचं घर न बांधता फलेटीज हॉटेलच्या खोल्यांत कित्येक वर्षं काढली. जुनी वुल्झली गाडी होती. डिसेंबर १९९१ मध्ये लाहोरलाच वारले.

इथवर झकास. पण वाचता वाचता १९६५ चं सिडनीचं भाषण लागलं. राष्ट्रकुलातल्या वकील-न्यायाधीशांपुढे या गृहस्थांनी शरियातल्या हात तोडण्याच्या शिक्षेची तरफदारी केली! स्वतःला ‘घटनात्मक मुसलमान’ म्हणवून घ्यायचे म्हणे. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “असल्या माणसाचं कौतुक देवळाच्या हॉलमध्ये करणार तू?”

मला दोन गोष्टी कळत नाहीत. १९५५ ला गव्हर्नर जनरलच्या विरोधात एकट्याने निकाल देणारा माणूस आणि सिडनीतला माणूस एकच कसा? आणि भारतातल्या कायद्याशी त्यांचा काही संबंध आहे का, की मी उगाच शेजारच्या घरात डोकावतेय?

काळाकोट_नागपूर

बेटा, भाषण लपवू नको, हे पहिलं. झाकलेली गोष्ट हॉलमध्ये कुणीतरी हमखास विचारतं. पण त्याआधी १९५५ नीट समजून घे, नुसतं ‘एकटे उभे राहिले’ म्हणून भागायचं नाही.

ऑक्टोबर १९५४. गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली. सात वर्षांच्या घासाघिशीनंतर राज्यघटनेचा मसुदा तयार होत आला होता, नेमका तेव्हाच. सभेचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान सिंधच्या चीफ कोर्टात गेले (बुरखा घेऊन, पोलिसांना चुकवून गेले असं सांगतात, वकिलांना हा किस्सा फार आवडतो) आणि जिंकले. सरकार अपिलात फेडरल कोर्टात, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात आलं. तिथे सरन्यायाधीश मुनीर यांनी काढलेली पळवाट बघ. सभा बरखास्त करणं बरोबर की चूक, याला त्यांनी हातच लावला नाही. सिंधच्या कोर्टाला रिट, म्हणजे सरकारला बांधील आदेश, काढायचा अधिकार ज्या दुरुस्तीने मिळाला तिच्यावर गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. म्हणून दुरुस्ती बाद, म्हणून रिट बाद. मार्च १९५५, चार विरुद्ध एक.

तो एक म्हणजे कॉर्नेलियस. त्यांचं म्हणणं असं की संविधान सभा सार्वभौम आहे, तिने घटना म्हणून केलेल्या कायद्याला वरून कुणाची संमती लागत नाही, आणि इतकी वर्षं सगळे हेच धरून चाललेत. मुनीर यांच्या निकालाने काय झालं? संमती न घेतलेले चाळीसहून जास्त कायदे एका फटक्यात लटकले आणि सरकारलाच पुन्हा कोर्टाच्या पायरीशी यावं लागलं. कॉर्नेलियस यांचं मत मानलं असतं तर हा गोंधळच झाला नसता. व्यवहाराच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचं होतं, याकडे लोक लक्ष देत नाहीत.

आता तुझा दुसरा प्रश्न. इथे मी जरा लांबण लावणार, कारण धागा आमच्या विदर्भातून जातो.

१९६२ ची घटना लष्करशहा अयूब खानांनी स्वतःच देऊ केलेली. तिच्यात लिहिलं होतं की असेंब्लीचा सभासद मंत्री झाला की त्याची जागा गेली. पण जागा सोडून मंत्री व्हायला काही मंडळी तयार होईनात. मग अयूबसाहेबांनी ‘अडचणी दूर करण्याच्या’ अधिकारात हुकूम काढला: मंत्री व्हा, जागाही ठेवा. पूर्व पाकिस्तानातले एक सभासद, मुहम्मद अब्दुल हक, ढाका हायकोर्टात गेले आणि हुकूम पडला. मंत्री फझलुल कादर चौधरी अपिलात सुप्रीम कोर्टात आले. १९६३ ला तिथेही हुकूम पडला. कॉर्नेलियस यांनी लिहिलं की मताधिकार आणि राज्यकारभाराचं स्वरूप ही घटनेची मूलभूत अंगं आहेत; चार जणांना खूश करायला, त्यांचा पाठिंबा मिळवायला ती सुरुवातीलाच बदलली, तर अमलात येते ती दिलेली घटना नव्हे, भलतीच.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, दिल्लीत सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य. जमीन सुधारणेच्या कायद्यांना कवच देणारी सतरावी घटनादुरुस्ती. पीठावर सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, आणि आपले न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे, म्हणजे १९१२ च्या काँग्रेस अध्यक्षांचे चिरंजीव, जुन्या नागपूर हायकोर्टातून वर गेलेले. दुरुस्ती टिकली. पण मुधोळकरांनी आपल्या स्वतंत्र मतात कॉर्नेलियस यांचा तो उतारा घेतला आणि एक प्रश्न टाकून ठेवला: घटनेचं पायाभूत वैशिष्ट्यच बदललं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं?

नऊ वर्षांनी, २४ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायाधीशांनी संसदेच्या हाताला जी मर्यादा घातली (घटना दुरुस्त करा, पण तिचा पाया मोडू नका), ते तू परीक्षेसाठी घोकतेस ते ‘बेसिक स्ट्रक्चर’. ते सगळं लाहोरहून आलं असं मी म्हणणार नाही. जर्मन प्राध्यापक कॉनराड यांचा वाटा आहे, केशवानंदचे वकील पालखीवाला यांच्या युक्तिवादाचा आहेच आहे. पण आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात ‘पायाभूत वैशिष्ट्य’ हा प्रश्न उभा राहिला तो लाहोरच्या एका कॅथलिक न्यायाधीशाचा हात धरून, आणि तो हात धरला एका वऱ्हाडी माणसाने. सज्जनसिंगनंतर वर्षभरात दोन्ही देश एकमेकांवर तोफा डागत होते, तो भाग वेगळा.

राहिलं शरियाचं. हे आता माझं मत, पटलं तर घे. मुनीर यांच्यासारख्यांच्या लेखी कायदा म्हणजे सत्तेचा हुकूम. हुकूम देणारा बदलला की कायदा बदलला. कॉर्नेलियस यांना कायद्याची अशी मुळी हवी होती जी लष्करशहाला उपटता येणार नाही. ब्रिटिशांनी ठेवलेली तत्त्वं तिथल्या सामान्य माणसाच्या मनात रुजलेली नाहीत, त्याच्या मनात धर्म रुजलेला आहे, तेव्हा हक्कांना आधार तिथेच शोधावा, असा त्यांचा हिशेब. राज्यकर्त्यावरही एक कायदा असतो हे कॅथलिक माणसाला शिकवावं लागत नाही, तुमच्या पॅरिशमध्ये हे सहज पटेल. घोळ पुढचा. धर्माचा अर्थ कोण लावणार, हा प्रश्न त्यांनी भल्या माणसांवर सोपवला. १९७९ मध्ये लष्करशहा झिया उल हक यांनी हात तोडण्यासारख्या शिक्षांचे हुदूद अध्यादेश काढले तेव्हा ती भली माणसं कुठे होती?

पद्मापार

वकीलसाहेब, लिहिलंय छान, पण तुम्ही १९५५ वरून थेट १९६३ ला उडी मारलीत. मधलं १९५८ कुठे गेलं?

दोस्सो खटला. ७ ऑक्टोबरला लष्करी कायदा आला, २७ ला निकाल: यशस्वी झालेली क्रांती हीच नव्या कायद्याची जननी. मुनीर यांनी त्यासाठी कायद्याचे तत्त्वज्ञ केल्सन यांना वेठीला धरलं. आणि वेगळं मत लिहूनही निष्कर्षाला कॉर्नेलियस यांचीही सही आहे! त्याच रात्री अयूबनी लष्करी कायदा आणणाऱ्या राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांना घालवलं, म्हणजे ज्याच्या क्रांतीला मान्यता दिली तो एक दिवसही टिकला नाही.

आणि १९६९ नंतर? अयूबनंतरचे लष्करशहा याह्या खान यांचे कायदामंत्री हेच. मार्च १९७१ मध्ये ढाक्यात शेख मुजीब यांच्या अवामी लीगशी बोलणी झाली तेव्हा याह्यांच्या बाजूला बसणाऱ्यांत हेच. २५ मार्चच्या रात्री लष्कराने पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू केली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी साथ सोडली नाही. याह्यांसाठी नव्या घटनेचा मसुदा करण्यात ते डिसेंबरपर्यंत होते. माझ्या आजोळचे लोक त्या वर्षी सीमा ओलांडून आले. त्यामुळे मला त्यांची हॉटेलची खोली आणि जुनी गाडी ऐकून भरून येत नाही. साधं राहणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. पाकिस्तानच्याच सुप्रीम कोर्टातले पारशी न्या. दोराब पटेल बघा: माजी पंतप्रधान भुट्टोंच्या अपिलात फाशीच्या विरोधात मत, आणि १९८१ ला झियांच्या हुकमाखाली शपथ घ्यायला नकार देऊन खुर्ची सोडली. ताई, अल्पसंख्याक न्यायाधीशावरच बोलायचं तर त्यांच्यावर बोल.

ब्रेबर्न_पूर्व_स्टँड

मी कायद्यातला नाही, क्रिकेटातला. तुम्ही सगळे ज्यांना न्यायाधीश म्हणताय, ते माझ्यासाठी पाकिस्तान बोर्डाचे कॉर्नेलियस! १९४८ च्या मे महिन्यात लाहोरला बोर्ड स्थापन झालं तेव्हाच्या उपाध्यक्षांपैकी एक. कामकाज समिती तेच चालवायचे. पैसा नाही, धड मैदानं नाहीत. पाकिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला जुलै १९५२ मध्ये, आणि ऑक्टोबरात संघ आपल्याकडे हजर. दिल्लीत हरले, लखनौला फझल महमूदने आपल्याला डावाने झोपवलं, मग ब्रेबर्नवर हजारे-उम्रीगरांची शतकं आणि भारत दहा गड्यांनी विजयी.

‘ईगलेट्स’ ही होतकरू पोरांची संस्थाही कॉर्नेलियस यांचीच. लंडनला आल्फ गोव्हरच्या क्रिकेट शाळेत पोरं पाठवायची, इंग्लिश हवेत खेळवायची. १९५४ ला ओव्हलवर पाकिस्तानने इंग्लंडला हरवलं, त्यामागे ही तयारी. तुमच्या भाषणात पोरं पेंगायला लागली की हे सांगा, ताई. सरन्यायाधीश असतानाही १९६० ते ६३ बोर्डाची तात्पुरती समिती त्यांच्याकडे होती. आजच्या बोर्डांबद्दल मी इथे काही बोलत नाही, धागा बंद पडेल.

नंदाखालची_लॉ

सगळ्यांचे आभार. मुधोळकरांचं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या नोट्समध्ये सज्जनसिंगला दीड ओळ आहे. पद्मापार, तुमचं म्हणणं मनाला लागलं. दोराब पटेलांवर नंतर कधीतरी बोलेन, पण आता नाव बदलत नाही. उलट याह्यांचा भाग घालूनच बोलावं असं वाटतंय. फक्त दोस्सोचं कोडं सुटत नाही. सही केली, मग वेगळं मत लिहिलं कशाला?

काळाकोट_नागपूर

पद्मापार यांनी पकडलं ते बरोबरच आहे. दोस्सोचा दोष मी पुसत नाही, १९७१ चा तर मुळीच नाही. १९७२ ला अस्मा जिलानी खटल्यात पाकिस्तानच्याच सुप्रीम कोर्टाने दोस्सो मोडीत काढला आणि याह्यांना सत्ता बळकावणारा ठरवलं. ज्याच्या मंत्रिमंडळात कॉर्नेलियस बसले त्याच्यावर त्यांच्याच जुन्या कोर्टाचा हा शिक्का. हे हॉलमध्ये सांगितलंच पाहिजे.

पण वेगळं मत का, ते असं. मुनीर म्हणाले, घटना गेली म्हणजे तिच्यातले मूलभूत हक्कही गेले. कॉर्नेलियस यांना हे गिळवेना. काही हक्क घटनेत लिहिले म्हणून जन्माला येत नाहीत, सुसंस्कृत राज्यातल्या नागरिकाचे ते असतातच, असं त्यांनी लिहून ठेवलं. मग त्या खटल्यातल्या लोकांना मात्र दुसऱ्या कारणाने दिलासा नाकारला! माझ्या मते तिथे ते कचरले. मन एकीकडे, सही दुसरीकडे. आमच्या कोर्टातही अशी माणसं पाहिली आहेत, नावं कशाला घ्या.

पप्पांसाठी एक केस देतो. जानेवारी १९६४ ला अयूब सरकारने जमात-ए-इस्लामीवर बंदी घातली, मौदुदींना आत टाकलं. मौदुदी म्हणजे कोण? जमातचे संस्थापक, बिगरमुस्लिमाला इस्लामी राज्याच्या कळीच्या जागी बसवू नये असं मानणारे. प्रकरण आलं कुणापुढे, तर कॉर्नेलियस यांच्यापुढे. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी रद्द केली, कारण सरकारने ना संघटनेचं म्हणणं ऐकलं, ना कोर्टाकडून तपासणीची सोय ठेवली. ज्याने त्यांना त्या खुर्चीवर बसूच दिलं नसतं, त्याची संघटना त्यांनी मोकळी केली. सिडनीचं भाषण वाचून झालं की लगेच हे वाच, म्हणजे हॉलमधल्या प्रश्नांना घाबरायचं कारण नाही.

मुधोळकरांचं मत ए.आय.आर. (भारतातल्या निकालांचा संग्रह) १९६५, सुप्रीम कोर्ट, पान ८४५ पासूनच्या निकालात आहे. नोट्स ठेव बाजूला आणि मूळ वाच, तास-दोन तास लागतील. लाहोरचा निकाल पी.एल.डी. (पाकिस्तानचा तसाच संग्रह) १९६३, सुप्रीम कोर्ट, पान ४८६. तो कॉलेजात नाही मिळाला तरी अडत नाही, कामाचा उतारा मुधोळकरांनी पूर्ण दिलाय.